आठल्ये मॅडमचं वाण

आठल्ये मॅडमबरोबर लिफ्टमध्ये शिरायचं नाही, हा मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नव्या भाडेकरूला मिळणारा पहिला सल्ला. पाण्याच्या वेळा त्यानंतर सांगितल्या जात. मला हा सल्ला कुणी दिला नाही, कारण मी त्यांच्याच मजल्यावर, त्यांच्या समोरच्या दारात राहायला आले होते आणि माझं काय व्हायचं ते होणारच होतं.

पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मला शिंक आली. "सर्दी झाली का?" त्यांनी विचारलं. मी आपलं सहज म्हटलं, "हो ना, इम्युनिटी जरा कमी झालीय."

"किती?"

"म्हणजे?"

"किती कमी झाली? मोजलीस का? आणि नेमकी कशाची? इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची टाकी आहे का, वर-खाली व्हायला?"

सातवा मजला आला. मी बाहेर पडले. मॅडमनी एक पाय लिफ्टच्या दारात अडकवून ठेवला आणि पुढची वीस मिनिटं मला अँटिबॉडी आणि टी-पेशी यांच्यातला फरक समजावून सांगितला. खाली लिफ्टसाठी लोक ओरडत होते. माझ्या हातातली कोथिंबीर मान टाकत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला फक्त सर्दी झालीय. सर्दी झालीय एवढंच म्हणावं."

घाटकोपरच्या एका कॉलेजात तीस वर्षं त्यांनी इम्युनॉलॉजी शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. काटकुळ्या अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला झोळा आणि झोळ्यात खडू. निवृत्त झाल्यावरही खडू बाळगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "म्हणजे नेमकं काय?" हा त्यांचा प्रश्न इस्त्रीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांनी ऐकलेला होता. 'साधारण', 'बहुधा', 'तसंच काहीतरी' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आंबे साधारण गोड आहेत असं म्हणणाऱ्या आंबेवाल्याला त्यांनी जे काही ऐकवलं, त्यानंतर तो आमच्या गेटवर थांबेनासा झाला. हापूस आणायला आम्हाला स्टेशनपर्यंत जावं लागे, ते केवळ यांच्यामुळे.

त्यांच्या सगळ्या विषयांतला लाडका, किंवा दोडका म्हणा, विषय म्हणजे एचपीव्ही हा विषाणू. बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो, त्याच्या मुळाशी असणारा. एकदा गेटजवळच्या काळ्या फळ्यावर सेक्रेटरींनी 'उद्या पाणी सकाळी फक्त अर्धा तास' असं लिहिलेलं. मॅडमनी ते पुसून तिथे कातडीचे थर काढले. एकाखाली एक, विटांसारखे, बाणबिण दाखवून.

"हा विषाणू रक्तात उतरत नाही," त्या वॉचमनला आणि भाजी घेऊन येणाऱ्या दोन बायकांना सांगत होत्या. "वरच्या थरातच राहतो. पेशी फोडत नाही, ताप आणत नाही, दुखत नाही, खुपत नाही. मग शरीराच्या पहारेकऱ्यांना कळणार कसं? बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला ओळखतं आणि हाकलून देतं. काहींचं ओळखतच नाही. त्यांच्यात तो मुक्काम करतो, आणि वर्षानुवर्षं मुक्काम केला की तिथल्या पेशी बिघडायला लागतात. म्हणून तपासणी करायची. दुखण्याची वाट बघायची नाही."

"मॅडम, पाण्याचं पुसलंत तुम्ही!" सेक्रेटरी धावत आले.

"पाणी परवा येईल," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कर्णिक वहिनी डोक्याला शाम्पू लावून नळाखाली उभ्या राहिल्या आणि नळ कोरडा. त्यानंतर महिनाभर त्या मॅडमशी बोलत नव्हत्या. मॅडमच्या हे लक्षातही आलं नाही.

हा विषय त्यांनी एवढा का धरलाय, हे मी एकदाच विचारलं आणि त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांची एक विद्यार्थिनी होती, वर्गात पहिली येणारी. चाळिशीच्या आत याच कॅन्सरनं गेली. "मी तिला हा विषाणू शिकवला होता," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत त्यावरचं तिचं उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं होतं. स्वतःची तपासणी तिनं एकदाही केली नाही. म्हणजे मी नेमकं काय शिकवलं?" मला त्यांची दया आली. पण दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी मला माझ्या तपासणीची तारीख विचारली, आणि दयाबिया सगळं पळून गेलं.

मग एका जानेवारीत त्यांनी जाहीर केलं, "मी संक्रांतीचं हळदीकुंकू करणार आहे."

देव न मानणारी, लग्न न केलेली ही बाई हळदीकुंकू करणार म्हटल्यावर झाडून सगळ्या बायका गेल्या. न जाऊन कसं चालेल? बोलवायला त्या स्वतः दारोदार फिरल्या होत्या. जिचा नवरा नाही तिनं "मी कशी येऊ?" म्हटलं की एकच उत्तर: "बाई आहेस ना? मग ये." एका बोटानं सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावणं त्यांना पटत नसल्यामुळे प्रत्येकीसाठी नवी कापसाची काडी होती. तिळगूळ दिसत होता, मसाला दुधाचा वास येत होता, पण हाताला काही लागत नव्हतं, कारण आधी व्याख्यान होतं. चाळीस मिनिटं. दुधावर साय आली. बायका माना डोलवत होत्या आणि घड्याळं बघत होत्या.

व्याख्यानानंतर एका अर्जावर प्रत्येकीची सही घेतली गेली आणि वाण म्हणून एकेक पांढरी डबी हातात आली. आत एक मऊ ब्रश, एक नळी, डबीच्या नंबराची चिठ्ठी आणि मॅडमनी स्वतः सोप्या मराठीत लिहिलेला कागद. घरच्या घरी, आपला आपण नमुना घ्यायचा आणि डबी मॅडमच्या दाराला टांगलेल्या पिशवीत टाकायची. नाहीतर घाटकोपरला मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची लॅब होती, तिथे थेट नेऊन द्यायची. रिपोर्ट बंद लिफाफ्यातून जिच्या तिच्या घरी.

"डबीवरचा नंबर तुमच्या नावावर आहे," मॅडम बजावत होत्या. "डबी बदलायची नाही. कळलं?"

"हो हो, कळलं," सगळ्या म्हणाल्या. आणि दुधाकडे वळल्या.

आता वाणाचं काय होतं हे मॅडम सोडून जगातल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक आहे. प्रत्येक घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पिशवी असते. आलेलं वाण त्या पिशवीत जातं, आणि रथसप्तमीपर्यंत जिथे जिथे हळदीकुंकू असेल तिथे तिथे पुढे सरकतं. मी एकदा दिलेली चहाची गाळणी तीन वर्षांनी मला परत मिळाली होती, दांड्याच्या त्याच ओरखड्यासकट. हे उघड सगळे करतात आणि कबूल कुणीच करत नाही. बंद डबी, पांढरी, छान दिसणारी. ती त्या पिशवीतच जाणार हे मॅडमना मी आधी सांगायला हवं होतं. पण त्यांना काही सांगायचं म्हणजे आधी त्यांनी बोलायचं थांबायला हवं.

फेब्रुवारीत एका सकाळी कर्णिक वहिनी मॅडमच्या दारात उभ्या. चेहरा पांढराफटक. हातात फोडलेला लिफाफा. मॅडमनी मला हाक मारून बोलावून घेतलं, कारण वहिनी रडत होत्या आणि रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मॅडमना कधीच कळलं नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की विषाणूचा धोकादायक प्रकार सापडला आहे, पुढची तपासणी करावी.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. नवऱ्यावर संशयही घेऊ नका, शरीरसंबंधातून येतो हे खरं, पण हा विषाणू कितीतरी वर्षं गुपचूप..."

"अहो पण मॅडम, मी ती डबी उघडलीच नाही! मग माझ्या नावानं हे आलं कसं?"

मॅडमचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट राहिलं असावं.

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे... शैलाकडे हळदीकुंकू होतं. माझी नणंद, नाहूरला असते. ऐन वेळी वाण कमी पडलं तिला, मग मी..." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हे कुणाला सांगू नका हं. शैलाला मी म्हटलं होतं, मुद्दाम तुझ्यासाठी आणलंय."

कॅन्सरच्या भीतीपेक्षा वाण पुढे सरकवल्याची लाज मोठी. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मॅडम मात्र खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ त्या रिपोर्टवरच्या नंबराकडे बघत राहिल्या.

"कुणीतरी ती डबी उघडली," त्या म्हणाल्या. "कागद वाचला. नमुना नीट घेतला. घाटकोपरपर्यंत नेऊन दिला. माझ्या दाराची पिशवी रिकामीच राहिली. एवढ्या बायकांत एक बाई शहाणी निघाली, आणि तिचाच रिपोर्ट भलत्या घरी आलाय. तिच्यात तो विषाणू आहे आणि तिला पत्ता नाही."

लॅबमध्ये विचारलं. डबी घेताना त्यांनी फक्त नंबर टिपला होता. डबीतली नंबराची चिठ्ठी दाखवून एक बाई दोनदा चौकशी करून गेली, एवढं काउंटरवरच्या मुलीला आठवलं. तिला सांगण्यात आलं होतं की रिपोर्ट नोंदवलेल्या नावावर रवाना झाला. मॅडमनी मग शैलाला फोन केला. शैला म्हणाली, "ती डबी ना? मी फेकून दिली."

"कचऱ्याच्या डब्याला एचपीव्ही होत नाही," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला आणि झोळा उचलला. "चल."

"मॅडम, मला ऑफिस आहे."

"ऑफिस उद्या असेल."

अशी मी त्या दिवशी रजा टाकून, मनातल्या मनात बोटं मोडत, रिक्षातून नाहूरला गेले. शैलानं दार उघडलं, सरबत विचारलं. मॅडमनी सरबत नाकारलं, सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या आणि विचारलं, "डबी कुणाला दिली?"

"फेकली म्हटलं ना."

आतल्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही चालू होता. स्वयंपाकघरात कुणीतरी पोळ्या लाटत होतं. मॅडमनी शैलाला हा विषाणू काय असतो, शरीर त्याला कसं ओळखतं, न ओळखलं तर काय होतं, हे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. शैलानं दोनदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा जांभई दिली. मी मॅडमच्या झोळ्याला हळूच ओढ दिली. काही परिणाम नाही. त्या सांगतच राहिल्या, की वेळेवर कळलं तर एवढंसं काम असतं आणि उशीर झाला तर माणूस जातं. शैला आपली "फेकली हो, देवाशप्पथ" म्हणत होती.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. पिठाच्या हातांची एक बाई दारात आली. चाळिशीची, सडपातळ, कपाळ मोकळं. तिनं कमरेची छोटी पर्स काढली आणि त्यातून चिठ्ठी काढून मॅडमपुढे धरली.

"ह्यो नंबर काय, मॅडम?"

तोच होता.

ती कांचन राणे. कांजूरमार्गला राहायची, नाहूरमधल्या चार घरी पोळ्या करायची. नवरा आठ वर्षांपूर्वी गेलेला. हळदीकुंकवाच्या दिवशी ती दुपारपासून आत राबत होती. बाहेर बायकांना कुंकू लागत होतं आणि ही आत बशा भरत होती. तिला बाहेर कुणी बोलावलं नाही. ती निघताना शैलाला कसंतरीच वाटलं, म्हणून तिनं, एक बाई न आल्यानं उरलेली ती डबी तिच्या हातात कोंबली.

"सासूबाईंना कळलं असतं तर," शैला टीव्हीच्या खोलीकडे बघत कुजबुजली. "सवाष्णीचं वाण तिला दिलं म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं हो."

"तुम्ही केलेली तेवढी एक शहाणपणाची गोष्ट," मॅडम कडाडल्या, "आणि नेमकी तीच लपवताय!"

मग त्यांनी आम्हा दोघींना गॅलरीत घालवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून कांचनशी बोलल्या. पण मॅडमचा आवाज दाराला जुमानत नाही, आणि कांचनचाही त्या दिवशी चढला होता.

"मालक जाऊन आठ वर्षां झाली, मॅडम. मगे ह्या खयसून इला? लोक काय म्हणतील माका?"

"कुठून आला याबद्दल लोकांना नेमकं काय माहीत आहे? काही नाही. हा विषाणू दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं मुकाट बसून राहू शकतो. तुझी काही चूक नाही. आणि मला सांग, एवढ्या बायकांत तूच एकटीनं कागद वाचलास. का?"

मग कांचन म्हणाली, "त्यात लिवलेला, तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईनं करावं. 'प्रत्येक बाईनं' असा लिवलेला. सवाष्णीनं म्हणून लिवूक नव्हता."

शैलानं मान खाली घातली. मीही.

पुढची तपासणी पालिकेच्या हॉस्पिटलात. मॅडम प्रत्येक वेळी तिच्याबरोबर जायच्या आणि मला ओढून न्यायच्या. तिथे त्यांनी केसपेपरवरच्या तीन चुका दाखवल्या, रांगेतल्या बायकांना लसीबद्दल सांगितलं, आणि एका तरुण डॉक्टरला त्याचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आम्हाला तिथून कुणी हाकलून कसं दिलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. दुर्बिणीतून बघितलं, तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी होती, आणि ती पायरी काढून टाकायला हवी होती.

ज्या दिवशी तो भाग काढायचा होता त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. कांचन हिरवा गाऊन घालून, मांडीवर हात ठेवून. अचानक तिनं विचारलं, "मॅडम, माझ्याच अंगाक कसा कळूक नाय? मी कधी आजारी पडूक नाय. चार घरची कामां करतंय. बाकीच्या बायकांच्या अंगाक कळता, मगे माझ्याच का नाय?"

मी मॅडमकडे पाहिलं. जन्मभर ज्या विषयावर बोलल्या तोच प्रश्न समोर आला होता.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "शक्यता सांगू शकते. पण तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं, ते मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

कांचनचे डोळे भरून आले. मी चिडले. "अहो मॅडम, जरा धीर द्या ना तिला! काहीतरी बरं बोला!"

"खोटं बोलू?" त्या माझ्यावर खेकसल्या.

नर्सनं नाव पुकारलं आणि कांचन तशीच आत गेली. मॅडम तिच्या चपला आपल्या झोळ्याशेजारी नीट जोडून बसून राहिल्या. त्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. रिक्षातही नाही.

त्यानंतर वर्षाच्या आत मॅडम बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ झाला तो हटेना. त्या अंथरुणाला खिळल्या. चेंबूरहून पुतण्या यायचा, दिवसा एक बाई असायची, उरलेल्या वेळी मी. बोलताना धाप लागायची, तरी औषधाच्या बाटलीवरचं मराठी चुकलंय म्हणून तक्रार चालूच होती. मी वैतागून म्हटलं, "आता तरी गप्प पडा." त्या पडल्या नाहीत.

मी त्यांना शेवटचं नीट बोलताना ऐकलं, त्या दिवशी कांचन आली होती. वर्षभरानंतरच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन, सकाळची चारही घरं आटपून, धावतपळत. या वेळी लिफाफा तिच्या स्वतःच्या नावावर आला होता. तिनं तो फोडलासुद्धा नव्हता.

मॅडमनी उशांना टेकून, भिंग धरून रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला. लॅबचा पत्तासुद्धा.

"सापडला नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गेलो ना तो, मॅडम?"

"म्हणजे या नमुन्यात सापडला नाही. शरीरानं त्याला पूर्ण घालवलंय, की तो अगदी थोडा कुठेतरी दबून आहे, हे या चाचणीवरून..." त्यांना खोकला आला.

कांचनचा चेहरा उतरत गेला. वर्षभर ती या एका शब्दासाठी थांबली होती. कुणाला सांगता आलं नव्हतं तिला, ना घरी, ना गावी. माझा संताप असा उसळला की आजारी माणसासमोर आहोत हेही मी विसरले. "मॅडम, पुरे! एकदा तरी, एकदाच, हो म्हणा ना तिला!"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. चष्म्याशिवाय मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळे केवढे थकलेले होते. त्यांनी हात पुढे केला आणि कांचनचा हात धरला.

"हो," त्या म्हणाल्या. "गेला. तुझ्या अंगानं ओळखलं त्याला."

कांचन पलंगाशी खाली बसली आणि त्यांच्या हातावर डोकं ठेवून रडली. मॅडम तिला थोपटत होत्या, जरा चुकीच्या ठिकाणी, खांद्याऐवजी मानेवर. मग म्हणाल्या, "पुढल्या तपासणीला मात्र यायचं. मी असो नसो. कळलं?" कांचननं मान हलवली, डोळे पुसले, आणि तिला लिफ्टपर्यंत सोडून मी परत आले.

मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या.

"ते वाक्य चूक होतं," त्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या. "तू कुठे बोलू नकोस."